पाणी मागणारे बाबा

ठाण्याच्या नौपाड्यात पितृपक्ष जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "गेलेलं माणूस स्वप्नात आलं म्हणजे त्याची काहीतरी इच्छा राहिली." विष्णुनगरातल्या एका मुलीने परवा त्याबद्दलच विचारलं. तिचे वडील चैत्रात गेले. नंतर तीनदा ते स्वप्नात आले, तिन्ही वेळा पाणी मागत. ओळखीच्या एका काकूंनी निदान करून टाकलं: आत्मा तहानलेला आहे, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा, नाहीतर घराला त्रास होईल. आता ती झोपायलाच घाबरते.

मी तिला एवढंच विचारलं, बाबांचे शेवटचे दिवस कसे गेले? आयसीयूत होते, तोंडाने पाणी बंद. ते खुणेने मागायचे, ती ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायची. मग हे पाणी स्वप्नात कुठून आलं? तिला देता आलं नाही ते पाणी आहे हे. तहान तिच्या आठवणीतली आहे.

आणि असं स्वप्न पडणारी ती एकटी नाही. अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये जवळचं माणूस गमावलेल्या 278 जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 58 टक्के लोकांना गेलेलं माणूस स्वप्नात दिसलं होतं. निव्वळ त्रास देणारी स्वप्नं थोडीच होती. जुने आनंदाचे प्रसंग, आजारातून मोकळं झालेलं माणूस, आजारपणाच्या आणि अखेरच्या क्षणांच्या आठवणी, असं पुन्हा पुन्हा दिसत होतं. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी तर 1971 मध्येच 293 विधवा-विधुरांशी बोलून नोंदवलं होतं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा कुठला ना कुठला भास होतो. बहुतेकांनी ते तोवर कुणाला सांगितलंही नव्हतं. यात दोष कुठे आला?

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी तुकोबांची गाथा उघडावी. नामदेवांनी 1350 मध्ये समाधी घेतली. त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी ते पांडुरंगासह तुकोबांच्या स्वप्नात आले आणि कवित्वाचं काम सांगून गेले. तुकोबांनी त्याला बाधा मानलं नाही, अभंग रचले.

श्राद्ध घालावंसं वाटलं तर जरूर घालावं, बाबांच्या आवडीची खीर करावी, पानावर पाणी ठेवावं. माझा राग आहे तो दुःखातल्या मुलीला भीती घालण्यावर.

बाकीच्या समजुतींना थोडक्यात उत्तर पुरेल. पहाटेचं स्वप्न खरं होतं? स्वप्नांचा, बंद पापण्यांखाली डोळे हलण्याचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो आणि त्यातूनच जाग आली तर स्वप्न लक्षात राहतं, इतकंच. स्वप्नात हाक मारली म्हणजे बोलावणं आलं? नाही. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तरी आजी जुन्याच गॅलरीत दिसते, म्हणजे वास्तूत अडकली? आपण तिला जन्मभर तिथेच उभी पाहिली. आई स्वप्नात आलीच नाही, म्हणजे रुसली? बफेलोच्या पाहणीतही अशा स्वप्नांची नोंद न केलेले चाळीस टक्क्यांहून अधिक होतेच.

सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच असेल, रोजची कामं होत नसतील, झोप उडाली असेल, तर मात्र तज्ज्ञाला भेटावं. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था नौपाड्यातच आहे. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. त्या मुलीला मी हा नंबर लिहून दिला, आणि काकूंना सोबत घेऊन ये म्हटलं.