माचूपिचूला जायचंय? मग लारेसची वाट बघा

पेरूतल्या माचूपिचूचा ट्रेक म्हटलं की सगळे ‘इंका ट्रेल’च्या मागे! तिथे पोर्टर-गाइड धरून दिवसाला ५०० जणांनाच परवाना, तोही कित्येक महिने आधी काढायचा. फेब्रुवारीत वाट बंद. माझं मत लारेसच्या वाटेला. इथे तो परवाना लागत नाही. लारेसच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून निघायचं. पुढे अल्पाकांचे कळप, बटाट्याची शेतं, कमरेला माग बांधून विणणाऱ्या केचुआ बायका. खिंडी मात्र ४,४०० मीटरच्या आसपास (कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त!), म्हणून आधी कुस्को शहरात दोन-तीन दिवस मुक्काम हवाच. एक उणं आहे: ही वाट थेट माचूपिचूच्या अवशेषांपर्यंत जात नाही. शेवटी ओयान्तायताम्बो गावाहून रेल्वेने माचूपिचूच्या पायथ्याचं आग्वास कालिएन्तेस गाठायचं. माचूपिचूचं प्रवेशतिकीट वेगळं, तेही आधीच काढून ठेवा.