लेकरं घेऊन एकटीनं मुंबईला येताना

या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी विहारात वंदना झाली, आणि आम्ही दोघी नेहमीप्रमाणे वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र मांडून बसलो. आमच्यातली एक महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, दुसरी अंगणवाडी सेविका. रांगेत एक नवी ताई होती. कडेवर साडेतीन वर्षांचा मुलगा, अंगात ताप. मुलाला तपासत होतो तेवढ्या वेळात तिनं तीनदा गळ्यातली किल्ली चाचपली. घरी कोण आहे, असं विचारलं तर म्हणाली, "पोरगी हाय आक्का. आठ वर्साची. कुलूप लावून आले."

ताई परभणी जिल्ह्यातली. नवरा दिवाळीच्या सुमारास आजारात गेला. शेत नाही. कापूस वेचणी संपली आणि हाताला काम उरलं नाही. सासरी दोन लेकरांसह राहणं जड झालं. मानखुर्दला चुलत बहीण होती, तिच्या भरवशावर फेब्रुवारीत रात्रीच्या गाडीत बसली ती सकाळी दादरला उतरली. बहिणीच्या खोलीत आधीच सहा माणसं. बारा दिवसांनी वेगळी रूम बघावी लागली. मालकांचे प्रश्न ठरलेले: आडनाव काय, आणि नवरा कुठाय? दोन ठिकाणी आडनावावर बोलणं थांबलं, एका ठिकाणी "एकटी बाई नको" म्हणाले. शेवटी दहा बाय दहाची, पत्र्याची, एकाच खिडकीची रूम मिळाली. डिपॉझिट २५,००० रुपये. गळ्यातले मणी मोडले आणि उरलेले पैसे उसने घेतले.

तिचा महिन्याचा हिशेब आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडला. चेंबूरला चार घरची कामं, मिळून ११,५०० रुपये. त्यातून रूमचं भाडं ५,०००, मालक सांगेल त्या दरानं लाईट ७००, पाणी ४००, गॅस १,०००, येणं-जाणं ३००, उसनवारीचा हप्ता १,५००. हातात राहतात २,६००. त्यात तिघांचं खाणं, साबण, औषध, वही-पेन. आरोग्याच्या पानावर हा हिशेब कशाला, असं कोणाला वाटेल. पण मूल का वाळलं आणि आईला चक्कर का येते, याचं उत्तर बऱ्याचदा याच हिशेबात सापडतं.

आधी त्या कुलपाबद्दल. ही ताई वेगळी नाही. आमच्याच गल्लीत सकाळी साडेसहाला निदान पाच दारांना बाहेरून कुलूप लागतं आणि आत लेकरं असतात. बाया निष्काळजी आहेत म्हणून नाही. उघडं ठेवलं तर कोणी आत येईल, पोरगी बाहेर गेली तर काही होईल, ही भीती खरी आहे. पण बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीत आग लागली, गॅस सुटला, पाणी शिरलं, तर आतल्या लेकराला वाटच नाही. शिवाय आठ वर्षांची मुलगी दिवसभर भावाला सांभाळते, तेव्हा तिची शाळा जाते. या मुलीची गेलीच होती. शाळेनं गावचा दाखला मागून परत पाठवलं, आणि आई कामावरून सुटेपर्यंत शाळेचं कार्यालय बंद.

इथं एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. आम्ही तिच्यासोबत गेलो, हे शांतपणे सांगितलं, आणि तिसरीत नाव लागलं. दुपारी शाळेत जेवणही मिळतं, तेवढाच घरच्या डब्यावरचा भार कमी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत घालावं, तिथंही गरम आहार मिळतो. पण अंगणवाडी काही तासांची असते आणि आईची कामं त्या तासांत संपत नाहीत. हे आमच्यातली सेविका स्वतःच कबूल करते. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, असं २०१७ पासून कायदा सांगतो. चार घरी भांडी घासणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

मग राहतं शेजारपण. ताईच्या समोरच्या दारात एक विधवा आत्याबाई राहतात, त्यांना महिन्याला ८०० रुपये ठरवले. फुकट नाही. एवढ्या तुटपुंज्या हिशेबातून ८०० काढायचे म्हणून ताईचा जीव कासावीस झाला, पण फुकटची मदत दोन महिन्यांत आटते आणि पैसे दिले की हक्कानं विचारता येतं, असं आमचं मत आहे. आता कुलूप नाही. दाराला आतून कडी आहे, मुलीला ती उघडता येते, आणि दुसरी किल्ली आत्याबाईंकडे. कामावर निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद, काडेपेटी आणि फिनेल वरच्या फळीवर, गरम पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवायचं नाही. भिंतीवर खडूनं मोठ्या आकड्यांत आईचा मोबाईल नंबर आणि मुलांच्या मदतीचा १०९८. मुलीकडून तो दोनदा म्हणून घेतला.

अशा वेळी आम्हाला रमाई आठवतात. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा परळच्या बीआयटी चाळीतलं घर मागं त्यांनी सांभाळलं. पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. त्या काळात गोवराची लस नव्हती, क्षयावर औषध नव्हतं. आज दोन्ही आहे, आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तरी मूल लशीवाचून राहिलं तर आपल्याला कोणतं कारण सांगता येईल?

ताईच्या मुलाचं तसंच झालं होतं. गोवर-रुबेलाची लस दोनदा असते, पहिली ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. दुसरीच्या वेळी बाप आजारी, सगळे दवाखान्याच्या फेऱ्यांत. मग गाव सुटलं आणि लशीचं कार्ड सासरी पेटीत राहिलं. दाटीच्या वस्तीत गोवर कसा पसरतो, ते २०२२ च्या शेवटच्या महिन्यांत गोवंडीनं बघितलंय. लेकरं दगावली, घरोघर फिरून जादा डोस द्यावे लागले. म्हणून नव्या वस्तीत आल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला गाठा. कार्ड हरवलं तरी जा. गावच्या नर्सबाईंच्या वहीत नोंद असते, फोन करून विचारता येतं. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढाच देतात, आणि गोवराचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत घेता येतो. ताईच्या मुलाला ताप उतरल्यावर पुढच्याच आठवड्यात दिला.

रात्री मूल आजारी पडलं तर एकट्या आईला दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. तिच्यासाठी एक सोपी खूण. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा किंवा रिक्षा करून महापालिकेच्या रुग्णालयात न्या. मूल पाणीही पीत नसेल, सुस्त पडलं असेल, झटका आला असेल, तरी तेच. साध्या तापखोकल्यासाठी आपला दवाखाना आहे. काही ठिकाणी तो रात्री दहापर्यंत चालू असतो, म्हणजे कामाचा खाडा होत नाही. आपल्या वस्तीतल्याची वेळ एकदा जाऊन बघून ठेवा.

आता आईचं. ताईचं हिमोग्लोबिन ८.२ निघालं. बाईचं १२ च्या खाली असलं की रक्त कमी आहे असं धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायांत रक्त कमी आढळलं, तेव्हा आम्हाला नवल नाही वाटलं. लेकरांना वाढून उरलं ते ती खायची. सकाळी चहा-पाव, दुपारी कोणी दिलं तर दिलं, रात्री भात. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जेवणानंतर घ्या, वर लगेच चहा नको, त्यानं गोळी नीट लागू पडत नाही. लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर चांगलं. शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. ताटात आठवड्यातून तीनदा मोड आलेली मटकी किंवा हरभरा, पालेभाजी, एखादं अंडं. आणि सुकट, जवळा! आपल्या आया सुकटीची चटणी भाकरीबरोबर खायच्या, ती गरिबीची खूण म्हणून आपण सोडली. पण एवढ्या कमी पैशांत इतकं बळ देणारं दुसरं काही आम्हाला माहीत नाही.

धान्याचं बघा. ताईला वाटत होतं रेशनकार्ड गावचं, म्हणून मुंबईत चालणार नाही. पाच महिने तिनं दुकानातून विकतचा तांदूळ खाल्ला. आता कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तिघांचं १५ किलो, फुकट. कार्डावर सासरची नावं असली तरी आपला वाटा इथं आणि उरलेला गावी घेता येतो. फक्त ई-केवायसी झालेली हवी आणि त्या कार्डावर आपलं नि मुलांचं नाव हवं.

एका गोष्टीवर बाया बोलत नाहीत म्हणून आम्हीच बोलतो. सकाळी निघताना ताई पाणी पीत नव्हती. ज्या घरी काम करते तिथं संडास वापरू देत नाहीत, बाहेर सार्वजनिक ठिकाणी पैसे पडतात, आणि वस्तीतल्या संडासाची रांग तिच्या वेळेत बसत नाही. सात-सात तास लघवी रोखून धरायची. मग जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगात कसकस. ही लाजेची गोष्ट नाही, लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग आहे. तपासणी करून गोळ्या पूर्ण घ्याव्या लागतात, नाहीतर मूत्रपिंडापर्यंत जातो. चारांपैकी एका घरच्या बाईंना तिनं धीर करून विचारलं. त्या हो म्हणाल्या. बाकी तिघींना विचारायचं बाकी आहे.

पत्र्याची, एका खिडकीची खोली म्हटली की क्षयाचं सांगितलंच पाहिजे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर बेडका तपासा, मग तो खोकला आईचा असो की समोरच्या आत्याबाईंचा. औषध फुकट आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. गावी औषध सुरू असेल तर शहरात आल्यावर ते तुटू देऊ नका. निक्षय क्रमांक सोबत आणा, त्यावर इथं पुढं चालू करतात.

आणि ज्या बहिणी अजून गावी आहेत, निघायचं मनात आहे, त्यांनी गाडीत बसायच्या आधी कागद जमवावेत. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा निकाल. मुलांचे जन्मदाखले. शाळेचे दाखले. लशीचं कार्ड. मुलांच्या जातीच्या दाखल्याचं काम तर गावच्या तालुक्यातच करून घ्या. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ला घराणं जिथं राहत होतं तिथलाच अधिकारी तो देतो, त्यामुळे मुंबईत नवा काढता येत नाही आणि त्यासाठी परत गाडीभाडं पडतं. आई किंवा बाप एकटा असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, तो बालकल्याण समितीपुढं जातो. वेळ लागतो. ताईचा अर्ज ऑगस्टमध्ये दिला, अजून निकाल नाही. मोठ्या आजारासाठी पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार होतो, म्हणून ते कार्ड घडी घालून गावच्या पेटीत ठेवू नका.

रात्री लेकरं झोपली की रडू येतं, झोप लागत नाही, सगळं संपवावं वाटतं, असं एखादीला होत असेल तर १४४१६ वर फोन करा. हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. ताईनं एकदा केला होता. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही.

परवा रविवारी ती आली. हिमोग्लोबिन १०.१. मुलाचं वजन आठशे ग्रॅमनं वाढलंय. मुलगी तिच्या शेजारी बसून आमच्या वहीत नावं लिहीत होती, अक्षर चांगलं आहे. किल्ली अजून गळ्यातच आहे, सवय जात नाही म्हणाली. रूमचे अकरा महिने पुढच्या महिन्यात भरतात आणि मालकानं ५०० रुपये वाढवून मागितलेत. त्यासाठी पाचवं काम धरायचं की आत्याबाईंचे पैसे कमी करायचे, हे विचारायला ती आली होती. आम्ही तिघी बराच वेळ हिशेबाची वही पुढं घेऊन बसलो.