कुंडीतला बांबू आणि करवतीचं काम

रोज पाणी घालूनही कुंडीतल्या बांबूची पानं दुपारी गुंडाळायला लागली, खालची पिवळी पडायला लागली, की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो: मोठी कुंडी आणायची. माझ्या मते हा उपाय अपुरा आहे. बांबूची कुंडी बदलणं हे मुळात कंदाचं काम आहे, कुंडीचा आकार हा नंतरचा प्रश्न. आहे तो गड्डा तसाच उचलून मोठ्या कुंडीत बसवला, तर झाड थोड्याच काळात पुन्हा त्याच अडचणीत सापडतं.

याचं कारण बांबूच्या वाढीत आहे. बांबू हे गवत. त्याची काठी आंब्या-फणसाच्या खोडासारखी दरवर्षी जाड होत नाही. कोंब मातीतून ज्या जाडीचा वर येतो, तीच काठीची कायमची जाडी, आणि एकाच हंगामात ती आपली पूर्ण उंची गाठते. म्हणजे पुढची काठी कशी निघणार, हे बेटात साठलेल्या अन्नावर आणि कंदाला मिळालेल्या जागेवर ठरतं. आपल्याकडचे मानवेल, माणगा किंवा कुंड्यांत हमखास दिसणारा हिरव्या रेघांचा पिवळा बांबू, हे सगळे बेट करून वाढणारे. त्यांचा कंद आखूड, जाड आणि वर वळलेला असतो. त्याच्या बाजूच्या डोळ्यांतून पुढचा कंद फुटतो, तो बाहेरच्या अंगाला. त्यामुळे जोमदार कंद कडेला येतात आणि म्हातारे मध्ये राहतात. गड्डा बाहेर काढला की हे स्पष्ट दिसतं: तळाशी मुळ्यांची वेटोळी, मातीपेक्षा मुळ्याच जास्त, आणि नवे कंद कुंडीच्या भिंतीला टेकून अडलेले. अशा घट्ट गड्ड्याच्या कडेनं पाणी सरळ खाली निघून जातं, मधली माती कोरडीच राहते. पानं गुंडाळतात ती या तहानेनं.

म्हणून करवत हवी. मेअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत, कोंब फुटायच्या आधी हे काम उरकावं. माती धुऊन कंद उघडे केले, की नवा कंद जुन्याला जोडणारी बारीक मान दिसते. काप तिथेच घ्यावा, फुगीर भागाला आणि डोळ्यांना धक्का लावू नये. प्रत्येक भागात दोन-तीन काठ्या राहाव्यात, त्यांतली एक तरी गेल्या पावसाळ्यातली, आणि सोबत न फुटलेले टपोरे डोळे. मधले काळे, पोकळ कंद काढून टाकावेत. काठ्यांचे शेंडेही छाटावेत, कारण कमी झालेल्या मुळ्यांना सगळ्या पानांना पाणी पुरवता येत नाही. मग पोयटा माती, शेणखत आणि कोकोपीट घालून, कंद पूर्वीच्याच खोलीवर बसवून दोन-तीन आठवडे कुंडी अर्धवट सावलीत ठेवावी.

एवढं कापल्यावर झाड मरेल, ही भीती स्वाभाविक आहे. पण कोकणात माणग्याची लागवड पूर्वापार होते तीच मुळी बेटातून काठीसकट कंद तोडून. मानेवरचा काप बांबूला सोसतो. सोसत नाही ते उन्हात सुकलेल्या मुळ्या. दुसरा आक्षेप असा, की खूपच मोठी कुंडी घेतली तर कापायची वेळच येणार नाही. पण जिथे मुळ्या पोचलेल्या नाहीत ती माती ओलीच राहते आणि कंद कुजतो. शिवाय ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, गॅलरीत हा विचार करावाच लागतो. कोवळं रोप असेल आणि कंद भिंतीला टेकले नसतील, तर मात्र एक माप मोठी कुंडी पुरते. पाण्याच्या बाटलीतला ‘लकी बांबू’ ही ड्रसीना आहे, बांबू नव्हे. त्याला यातलं काही लागू नाही.

शेवटचा आक्षेप खरा आहे: विभागणीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कोंब बारीक निघू शकतात, कारण साठाही विभागला गेलेला असतो. तेवढ्यावरून निकाल लावू नये. दुसऱ्या पावसाळ्यातला कोंब पहिल्यापेक्षा जाड आला, तर कंदाला जागा मिळाली आणि काम नीट झालं, असं समजावं.