जावा नेचा वाळूत पुरू नका!

मत्स्यपेटीत नेचा लावायचा म्हणजे वाळूत खळगा करून पुरायचा, असेच कोणालाही वाटेल. पण जावा नेच्याला ते मानवत नाही. आग्नेय आशियातील ओढ्यांत तो दगडांना, लाकडांना चिकटून वाढतो. त्याची मुळे मुख्यतः आधार धरतात. पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये पानेही शोषतात. पाने ज्या आडव्या खोडातून फुटतात, ते मूलक्षोड वाळूत गाडले की कुजते आणि रोप मरते.

म्हणून मूलक्षोड उघडे ठेवून सुती दोऱ्याने खडबडीत दगडाला हलकेच बांधा. काही आठवड्यांत मुळे दगड पकडतात. पाने वीतभर वाढतात, तेव्हा दगड मागे, मंद उजेडात ठेवा. पुढची जागा माशांना पोहायला मोकळी राहील. जुन्या पानांवर इवली रोपे उगवतील, तीही अशीच बांधा!