नवी लादी, जुना स्लॅब

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा कुलूप उघडता उघडता एजंट म्हणाला, "अंकल, फुल रिनोव्हेटेड टू बीएचके आहे. फक्त बॅग घेऊन यायचं." खोटं नव्हतं. गुळगुळीत लादी, नवं किचन, हॉलभर पीओपीचं सीलिंग आणि त्यात बसवलेले दिवे. इमारत कधीची, असं विचारल्यावर उत्तर आलं, "जुनी आहे, पण आतून नवी." या एका वाक्यामागे लागून मी पुढचे काही महिने घालवले. अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे नाही; कायद्याची पुस्तकं, जुने कागद आणि गवंड्यांशी गप्पा, एवढंच माझं शिक्षण.

इथल्या पत्त्यांत अजून 'बीके नं.' असतो. बीके म्हणजे बराक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिच्या बराकींत उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. 'कॅम्प' हा लष्करी शब्द मात्र सुटला नाही. पुढे विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाच्या १९५४च्या कायद्याखाली जागा मालकीच्या झाल्या. कुटुंबं वाढली, जागा तेवढीच राहिली. मग वाढ वरच्या दिशेने झाली, पुष्कळदा परवानगीशिवाय. ती इतकी झाली, की एकट्या या शहरातली बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला.

मे २०२१मध्ये पंधरवड्याच्या आत इथल्या दोन इमारतींत वरच्या मजल्याचा स्लॅब खालचे स्लॅब घेत तळमजल्यापर्यंत आला. बारा माणसं गेली. भाडेकरूने लक्षात घ्यायची गोष्ट ही, की असा स्लॅब आपल्या घरचा नसतो. वरच्याच्या घरचा असतो. बाथरूममधून पाणी झिरपतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. छताला ओल दिसते, पोपडे निघतात, सळई उघडी पडते, ही त्याची बोली. पीओपी नेमकी तीच झाकतं. शिवाय जुनी लादी न काढता तिच्यावर नवी बसवली, की स्लॅबवरचा बोजा वाढतो. हे तर सर्रास चालतं.

कायदा मुका नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. पूर्णत्वाचा दाखलाच नसेल तर? तर निम्मी इमारत वापरात आल्यापासून वर्षं मोजतात. उल्हासनगरात ही तरतूद फार कामाची. याउलट भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. आपण सगळे हाच कागद जपतो. तो भाडं, डिपॉझिट आणि ताबा यांबद्दल बोलतो. स्लॅबबद्दल गप्प असतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी ऑडिटचा कागद मागितला. मालक फोनवर म्हणाले, "भाऊ, तुम्ही भाड्याने घेताय की विकत?" मग मी सीलिंगमधला एक दिवा उतरवून घेतला आणि स्टुलावर चढून भोकातून टॉर्च मारला. वर ओलीचा काळा डाग होता आणि हातभर लांबीची, तांबूस, उघडी सळई. एजंटलाही चढायला लावलं. तो बराच वेळ बघत राहिला. खाली उतरून म्हणाला, "अंकल, भाडं दोन हजारांनी कमी करून देतो."

मी घर घेतलं नाही. मालकांना आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला सळईचं सांगितलं, पालिकेत लेखी अर्जही दिला. पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने गेलो, तर हॉलमध्ये दिवे लागले होते आणि खिडकीच्या जाळीला लहान मुलाचे कपडे वाळत होते. मी जिना चढलो आणि बेल वाजवली.