जळालेल्या मालाचा हिशेब

आग विझली की दुकानदार आधी दुकान साफ करायला निघतो. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतले एक वकील त्याला नेमकं तेच करू देत नाहीत. "शेठ, जळके गठ्ठेही हलवू नका. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊ द्या, तोवर फोटो काढून ठेवा."

विमा कंपन्यांविरुद्ध दुकानदारांचे दावे ते लढवतात. त्यांच्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा खरेदीची बिलं, जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं जास्त दिसतात. जो माल जळून गेला तो दुकानात होता, हे उरलेल्या कागदांवरून सिद्ध करायचं असतं.

अडतं तिथंच. कॅश क्रेडिटची मर्यादा टिकावी म्हणून काही जण बँकेला साठा फुगवून दाखवतात, प्राप्तिकरासाठी तोच आटोपता लिहितात. आगीनंतर दोन्ही आकडे कंपनीसमोर येतात. मग वकीलसाहेब वर्षारंभीचा साठा घेतात, त्यात खरेदी मिळवतात, विकल्या मालाची खरेदी किंमत वजा करतात. अशिलाला खोदून खोदून विचारतात, तो चिडला तरी थांबत नाहीत. त्यांच्या वकिलीतलं सर्वांत प्रामाणिक काम मला हेच वाटलं.

विमा अपुरा असेल तर आणखी कात्री लागते. माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा आणि नुकसान १० लाखांचं, तर हाती ५ लाखच. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. विमा कशाकशाचा आहे, हेही पाहावं लागतं. मे २०१८ च्या दंगलीत शहरातल्या शहागंज, राजाबाजार भागात दुकानं जळाली. तेव्हाच्या पॉलिसीत हप्ता वाचवण्यासाठी दंगलीचं संरक्षण वगळता येत असे.

सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे २०१९ मध्ये. म्हणून वकीलसाहेब ते पत्र ओळ न् ओळ वाचतात. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांत दाखल करावी लागते. कोणत्या आयोगात, हे भरलेल्या हप्त्यावरून ठरतं, त्यामुळे मोठ्या रकमेचे दावेही जिल्हा ग्राहक आयोगात चालतात. निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. वकीलसाहेब मात्र अशिलाला वर्षं मोजायची तयारी ठेवायला सांगतात.

हा उशीर मला अन्यायाचाच भाग वाटतो. कारण उधारीवाले दारात उभे असतात आणि कंपनी कमी रकमेचं 'फुल अँड फायनल' व्हाउचर पुढे करते. सही केली म्हणून हक्क आपोआप संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निवाडा आहे. पण सही दबावाखाली झाली हे दुकानदारालाच सिद्ध करावं लागतं. "पैसे नाकारू नका," वकीलसाहेब सांगतात, "पण सही करायच्या आधी मला फोन करा. हरकतीचं पत्र त्याच दिवशी गेलं पाहिजे."