खरेदीनंतरचा पश्चात्ताप आणि पुनर्विचाराची मुदत : टाईमशेअर-कराराच्या संदर्भात

एखादी मोठी खरेदी केल्यानंतर थोड्याच अवधीत ग्राहकाच्या मनात 'हे आपण का केले?' असा प्रश्न उभा राहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बहुतेक व्यवहारांत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व फारसे नसते. कारण माल घरी आलेला असतो आणि पैसा दुकानदाराच्या पेटीत गेलेला असतो. काही व्यवहारांत मात्र कायद्याने ग्राहकाला ठराविक दिवसांची मुदत दिलेली असते व तेवढ्या काळात कोणतेही कारण न देता त्याला करार मोडता येतो. अशा ठिकाणी पश्चात्तापातून एक खराखुरा निर्णयप्रश्न उद्भवतो, आणि त्याचे उत्तर मोजक्या दिवसांतच द्यावे लागते. टाईमशेअरची खरेदी हे या प्रकारच्या व्यवहाराचे ठळक उदाहरण होय. पश्चात्ताप झालेल्या ग्राहकाने स्वतःस कोणता प्रश्न विचारणे तर्कशुद्ध ठरते, याचा विचार त्या उदाहरणाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

१. व्यवहाराचे स्वरूप

टाईमशेअर म्हणजे पर्यटनस्थळावरील एखाद्या निवासस्थानाचा वर्षातून ठराविक काळ, बहुधा एक आठवडा, उपभोग घेण्याचा विकत घेतलेला हक्क. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंड व फ्रान्समधील आल्प्सच्या परिसरात, आकारास आली. स्वित्झर्लंडमधील 'हापिमाग' ही संस्था १९६३ साली स्थापन झाली. १९७० नंतर अमेरिकेत या व्यवसायाचा झपाट्याने विस्तार झाला आणि फ्लोरिडा राज्य, त्यातही ऑर्लँडो शहराचा परिसर, हे त्याचे एक प्रमुख केंद्र बनले. प्रारंभी विशिष्ट खोली व विशिष्ट आठवडा विकला जाई. पुढे त्याऐवजी निरनिराळ्या ठिकाणी वापरता येणारे 'पॉइंट' विकण्याची पद्धतही रूढ झाली.

या व्यवहाराची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, आरंभी मोठी रक्कम द्यावी लागते, आणि ती पुष्कळदा कर्जाऊ घेतलेली असते. दुसरे, दरवर्षी देखभालीची वर्गणी भरावी लागते. त्या वर्षी ग्राहक तेथे जावो अथवा न जावो, वर्गणी चुकत नाही, आणि तिची रक्कम कायमची ठरलेली नसल्यामुळे ती वाढत जाऊ शकते. तिसरे, हा हक्क पुन्हा विकू गेल्यास मूळ किमतीच्या मानाने फारच थोडी रक्कम हाती येते. प्रसंगी गिऱ्हाईकच मिळत नाही. यांच्या जोडीला विक्रीची विशिष्ट रीतही ध्यानात घेतली पाहिजे. सहलीसाठी आलेल्या कुटुंबाला एखादी भेटवस्तू किंवा सवलतीची तिकिटे देऊ करून माहितीपर बैठकीस बोलावले जाते. ती बैठक लांबत जाते आणि शेवटी 'ही किंमत केवळ आजच्यापुरती' असे सांगून सही घेतली जाते. विचाराला जो वेळ खरेदीपूर्वी मिळावयास हवा होता, तो अशा रीतीने खरेदीनंतरच्या दिवसांवर ढकलला जातो.

२. कायद्याने दिलेली मुदत

घाईने केलेल्या करारास पुनर्विचाराची सवड असावी, हा विचार कायद्यात तुलनेने अलीकडे आला. इंग्लंडमध्ये १९६४ च्या हायर-परचेस कायद्याने ग्राहकाच्या घरी सही झालेल्या करारांसाठी चार दिवसांची सवड दिली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७२ साली घरोघर होणाऱ्या विक्रीसाठी तीन कामकाजी दिवसांचा नियम घोषित केला. टाईमशेअरपुरते बोलावयाचे तर ब्रिटनच्या १९९२ च्या कायद्याने चौदा दिवस दिले. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशाने किमान दहा दिवस ठरविले होते; २००८ च्या निर्देशाने ते चौदा केले आणि त्या मुदतीत ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेण्यासही मनाई केली.

अमेरिकेत ही मुदत राज्यागणिक वेगळी आहे. कॅलिफोर्नियात ती सात दिवसांची, नेवाडात पाच दिवसांची, तर फ्लोरिडात दहा दिवसांची आहे. फ्लोरिडातील तरतूद विशेष अभ्यसनीय आहे. तेथे करारावर सही झाल्याचा दिवस आणि कायद्याने आवश्यक ठरविलेल्या कागदपत्रांपैकी शेवटचा कागद ग्राहकाच्या हाती पडल्याचा दिवस, यांपैकी जो नंतरचा असेल त्याच्यापुढील दहाव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत करार रद्द करता येतो. रद्द करण्याची सूचना लेखी द्यावी लागते. ती टपालाने पाठविल्यास टपालाच्या शिक्क्यावरील तारीख ग्राह्य धरतात, मात्र ती विक्रेत्याकडे पोहोचली पाहिजे. हा हक्क ग्राहकाने स्वखुशीने सोडून दिला, असे लिहून घेतले तरी ते निरर्थक ठरते.

या तरतुदीचे मर्म सर्वसाधारण करारकायद्याशी तुलना केल्यास स्पष्ट होते. फसवणूक, दिशाभूल किंवा गैरवाजवी दबाव सिद्ध झाल्यास करार रद्द होऊ शकतो, हे तत्त्व जुनेच आहे. परंतु तेथे पुराव्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो, आणि बंद खोलीत तोंडी दिलेली आश्वासने सिद्ध करणे दुर्घट असते. पुनर्विचाराच्या मुदतीत कोणासही काही सिद्ध करावे लागत नाही. विक्रेता अप्रामाणिक होता किंवा कसे, हा वादच तेथे उपस्थित होत नाही. मात्र या सोयीची दुसरी बाजू अशी की, मुदतीत काहीही न करणे हीच संमती ठरते. निर्णय लांबणीवर टाकणारा ग्राहक वस्तुतः निर्णय घेतच असतो.

३. पश्चात्तापाचे मानसशास्त्र

मग पश्चात्ताप होतो आहे, एवढ्यावरून करार रद्द करावा काय? या भावनेची साक्ष कितपत विश्वसनीय आहे, हे पाहणे प्राप्त आहे.

जॅक ब्रेम यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्रियांना काही गृहोपयोगी वस्तूंचे मूल्यमापन करण्यास सांगून त्यांतील दोहोंपैकी एक वस्तू निवडू दिली. निवडीनंतर पुन्हा मूल्यमापन करविले असता, निवडलेली वस्तू पूर्वीपेक्षा अधिक चांगली व नाकारलेली वस्तू कमी चांगली वाटू लागल्याचे दिसले. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्ताने याची उपपत्ती लावली : आपण केलेली निवड आणि तिच्याविरुद्ध जाणारी माहिती यांतील विसंवाद मनाला खुपतो, म्हणून मन तो विसंवाद कमी करण्याच्या उद्योगास लागते. एलेन वॉल्स्टर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या प्रक्रियेचा कालक्रम दाखविला. सैन्यात भरती झालेल्या तरुणांनी आपल्या कामाची निवड केल्यानंतर चारच मिनिटांनी निवडलेले काम त्यांना कमी आकर्षक वाटत होते. पंधरा मिनिटांनंतर विचारले असता तेच अधिक आकर्षक वाटत होते. पश्चात्तापाची लाट आधी येते आणि समर्थनाची लाट तिच्या मागून येते, असा याचा अर्थ.

या संदर्भात डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचे २००२ चे संशोधन अधिकच उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून घेण्यास सांगण्यात आले. ज्यांना निवड बदलण्याची मुभा होती ते आपल्या छायाचित्रावर कमी संतुष्ट होते. ज्यांना ती नव्हती ते अधिक संतुष्ट होते. परत फिरण्याची वाट मोकळी असते तोवर मनाचे समर्थनकार्य पुरे होत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. दहा दिवसांच्या मुदतीत वाटणारी अस्वस्थता काही अंशी त्या मुदतीमुळेच टिकून राहते. म्हणून केवळ अस्वस्थता हा करार वाईट असल्याचा पुरावा होत नाही. उलट, मुदत संपताच वाटणारी शांती हाही करार चांगला असल्याचा पुरावा होत नाही. व्यवहारात धोका आहे तो दुसऱ्या बाजूचा. अस्वस्थतेतून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुदत उलटू देणे. आणि तो मार्ग विक्रेत्याच्या सोयीचा असतो.

४. दहावा दिवस आणि अकरावा दिवस

भावनेची साक्ष अशी संदिग्ध असल्यामुळे हिशेबाकडे वळणे क्रमप्राप्त होते. विवेचनाच्या सोयीसाठी पुढील आकडे गृहीत धरू. हक्काची किंमत २०,००० डॉलर. देखभालीची वर्गणी वर्षाला १,००० डॉलर. त्याच दर्जाचे निवासस्थान एक आठवडा भाड्याने घेतल्यास खर्च १,५०० डॉलर. व्याजाचा दर शेकडा ५.

मुदतीच्या दहाव्या दिवशी ग्राहकापुढे हिशेब असा असतो. २०,००० डॉलर परत मिळू शकतात, म्हणजे त्यांवरील १,००० डॉलरचे वार्षिक व्याज हा खरेदीचाच खर्च होय. त्यात वर्गणी मिळविली की प्रत्येक आठवडा २,००० डॉलरना पडतो. भाड्याने तो १,५०० डॉलरना मिळतो. करार रद्द करणे उघडच श्रेयस्कर आहे. यात वर्गणीच्या वाढीचा विचार केलेला नाही. ती दरसाल शेकडा ४ ने वाढली तर दहा वर्षांत सुमारे १,४८० डॉलर होईल. अर्थात भाडेही वाढेल; परंतु भाडेकरूला एखाद्या वर्षी घरी राहण्याची मुभा असते, मालकाची वर्गणी मात्र चुकत नाही.

अकराव्या दिवशी चित्र पालटते. आता २०,००० डॉलर परत येण्याजोगे नाहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो बुडित खर्च झाला. वर्गणीही देणे प्राप्तच आहे. त्यामुळे दरवर्षी प्रश्न एवढाच उरतो की, पैसे भरून झालेल्या आठवड्याचा उपभोग घ्यावयाचा की तो वाया घालवावयाचा. साहजिकच ग्राहक सहकुटुंब तेथे जातो, त्याचे दिवस आनंदात जातात आणि 'घेतले ते बरेच झाले' असे तो प्रामाणिकपणे सांगतो.

एकाच करारासंबंधी दहाव्या दिवशी तो मोडणे आणि अकराव्या दिवसापासून त्याचा पुरेपूर उपयोग करणे, ही दोन्ही वर्तने सारखीच तर्कसंगत आहेत. यातून या प्रश्नाचे मुख्य सूत्र हाती लागते : खरेदीनंतरच्या वर्षांतील समाधानावरून खरेदीच्या निर्णयाची योग्यता ठरविता येत नाही. बैठकीत साक्षीसाठी पुढे केले जाणारे संतुष्ट जुने सभासद खोटे बोलत असतातच असे नाही. परंतु ते अकराव्या दिवसानंतरच्या प्रश्नाचे उत्तर देत असतात, आणि नव्या ग्राहकापुढील प्रश्न दहाव्या दिवसाचा असतो.

५. निर्णयाची कसोटी

यावरून विचारावयाचा प्रश्न निश्चित करता येतो. 'करार मोडण्याइतका तो वाईट आहे काय?' असा प्रश्न विचारल्यास केलेल्या सहीला अकारण वजन प्राप्त होते. त्याऐवजी 'सही झालेलीच नसती आणि आज सर्व माहिती हाती असती, तर याच किमतीस हा हक्क घेतला असता काय?' असा प्रश्न विचारावयास हवा. उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी नसेल तर करार रद्द करणे इष्ट होय. संशयाचा फायदा रद्द करण्याच्या बाजूस का द्यावा, याचे कारण दोन चुकांच्या विषमतेत आहे. चांगला करार चुकून मोडला तर तशाच प्रकारचा हक्क पुढेही विकत मिळतो. पुष्कळदा तो जुन्या मालकाकडून मूळ किमतीच्या अल्पांशात मिळतो. वाईट करार चुकून कायम राहिला तर ती चूक दुरुस्त करण्यास बाजारात जवळजवळ वाव नसतो. परतीची वाट ठेवणाऱ्या पर्यायाला स्वतंत्र मूल्य असते, हे तत्त्व केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी १९७४ साली पर्यावरणविषयक निर्णयांच्या संदर्भात मांडले. ते येथेही लागू पडते.

या कसोटीवर काही करार टिकतील, हेही नमूद केले पाहिजे. जे कुटुंब कित्येक वर्षे त्याच स्थळी, त्याच हंगामात, तशाच दर्जाच्या निवासात उतरत आले आहे, ज्याला कर्ज काढावे लागत नाही आणि ज्याने करारातील वर्गणीवाढीचे कलम वाचले आहे, त्याचा पश्चात्ताप क्षणिक लाटच ठरू शकतो. मात्र भेटवस्तू घेतल्याची भीड, विक्रेत्याने खर्च केलेला वेळ, घरच्यांपुढे माघार घेण्याचा संकोच, ही कारणे या हिशेबात कोठेच बसत नाहीत. तसेच, शंका आल्यावर विक्रेत्यास विचारीत बसण्यात मुदतीतील दिवस खर्च होतात. कराराची तारीख, शेवटचा कागद मिळाल्याची तारीख आणि सूचना पाठविण्याची करारात सांगितलेली रीत, या तीन गोष्टी प्रथम पाहून ठेवणे आवश्यक आहे.

६. भारतीय संदर्भ

भारतात टाईमशेअरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ अन्वये फसवणूक किंवा दिशाभूल सिद्ध झाल्यास करार रद्द करता येतो, व २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे दाद मागता येते. परंतु दोन्ही मार्ग पुराव्याचे आणि कालहरणाचे आहेत. पुनर्विचाराची मुदत मिळते की नाही, हे म्हणून प्रत्येक कराराच्या अटींवरूनच पाहावे लागते. विमाक्षेत्रात मात्र हे तत्त्व नियमांत स्थिरावले आहे : विमापत्र हाती पडल्यानंतर ते परत करण्यासाठी विमाधारकास २०२४ च्या नियमांनुसार तीस दिवसांची मुदत मिळते.

मुदत कायद्याने दिलेली असो वा कराराने, तिचा उपयोग मात्र ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून राहतो. पश्चात्ताप शमण्याची वाट पाहणाऱ्याच्या बाबतीत तो शमतोच, आणि तोपर्यंत बहुधा मुदतही संपलेली असते. पश्चात्तापाला हिशेब मांडण्याची सूचना समजणाऱ्याला मात्र, करार ठेवला काय किंवा मोडला काय, आपल्या निर्णयाचे कारण सांगता येते.